फोकस कुठे गेला? डीएसएलआरचा ऑटोफोकस लागत नसेल तर काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाला मी पहिल्यांदा ५० एमएम एफ/१.८ लेन्स लावून फोटो काढले. सजवलेला पाळणा, वर वाकलेल्या आत्याबाई, कानात नाव सांगतानाचा क्षण, सगळं कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. रात्री कंप्युटरवर मोठं करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. नाव सांगतानाच्या फोटोत पाळण्याला बांधलेल्या झेंडूच्या माळेची पाकळी न् पाकळी मोजता येत होती आणि तिच्यामागे बाळाचा चेहरा धुरकट. असे एक-दोन नव्हे, निम्म्याहून जास्त फोटो. दुसऱ्या दिवशी लेन्स घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथे दोन मिनिटं उलटसुलट करून पाहिल्यावर ‘कॅलिब्रेशन गेलंय’, म्हणजे फोकसची जुळवणी बिघडलीय, असं निदान झालं आणि लेन्सच्या किमतीच्या निम्मा खर्च सांगितला गेला. तेवढे पैसे तेव्हा जवळ नव्हते. घरी येऊन शांतपणे एकेक गोष्ट तपासली. लेन्स ठणठणीत होती. फोकस कुठे घ्यायचा हे मी कॅमेऱ्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याला सर्वांत जवळ जे दिसलं ते त्याने धरलं होतं: झेंडूची माळ.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे ‘फोकस बिघडलेले’ कॅमेरे मी हातात घेऊन पाहिले. खरा बिघाड फार थोड्यांत निघाला. म्हणून खाली लिहिलेला क्रम मोडू नका. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग सवयी, मग घरच्या टेबलावरची चाचणी, आणि पैशांचा प्रश्न अगदी शेवटी.

१. फोटो हललाय की फोकस चुकलाय?

दोन्हींत फोटो अस्पष्टच येतो, पण उपाय अगदी वेगळे. फोटो कंप्युटरवर शंभर टक्के मोठा करा आणि संपूर्ण चौकटीत कुठे काही धारदार दिसतंय का ते शोधा.

चेहरा अस्पष्ट, पण मागची भिंत, कान किंवा साडीचा काठ कोरल्यासारखा स्पष्ट असेल तर फोकस दुसरीकडे गेला आहे. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, दिव्यांच्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला आहे. पार्श्वभूमी धारदार आणि फक्त माणसाचे हात किंवा डोकं पुसट असेल तर माणूस हलला आहे. या शेवटच्या दोन्हींत ऑटोफोकसचा काही दोष नाही, शटर वेगवान करायला हवं. हात हलण्यासाठी साधा हिशोब असा: लेन्सची फोकल लांबी (लेन्सवरचा एमएमचा आकडा) गुणिले दीड, त्याचा एक छेद. ५० एमएमला निदान १/८० सेकंद, २५० एमएमला १/४०० सेकंद. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं. धावणारं मूल ते थांबवू शकत नाही. मुलांसाठी मी १/२५० च्या खाली जातच नाही, उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) वाढवते.

आणखी एक गोष्ट इथेच मिटवून टाका. व्ह्यूफाइंडरमधून सगळं कायमच धूसर दिसतं, पण फोटो मात्र चांगले येतात, अशी तक्रार असेल तर व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं छोटं चाक पाहा. ते डायॉप्टरचं, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या नंबरासाठी असतं. ते पिशवीत घासून आपोआप फिरतं. आतले आकडे आणि फोकसचे ठिपके स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. समोरच्या दृश्याकडे बघून फिरवू नका.

२. पाच मिनिटांच्या तपासण्या

लेन्सवरचं बटण. कॅननच्या लेन्सवर एएफ आणि एमएफ, निकॉनच्या लेन्सवर ए आणि एम असं सरकतं बटण असतं. पिशवीतून काढताना ते एमएफवर जातं आणि मग अर्धं शटर दाबलं तरी लेन्स ढिम्म हलत नाही. निकॉनच्या एएफ-पी किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर) हे बटणच नसतं, तिथे फोकस मोड कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन पाहावा लागतो. नवीन माणूस इथे हमखास अडकतो.

जवळचं अंतर. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकस करूच शकत नाही. कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ एसटीएमला ३५ सेंटिमीटर, निकॉनच्या ५० एमएम एफ/१.८जीला ४५ सेंटिमीटर. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजत नाहीत, आतल्या सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलाला आरपार छेदणारी रेघ कोरलेली असते, ती सेन्सरची जागा. रांगोळीचा, अंगठीचा, ताटातल्या पदार्थाचा फोटो काढताना लेन्स पुढेमागे घुर्र करत राहिली आणि कधी थांबलीच नाही, तर आधी एक पाऊल मागे सरका.

बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, मोटर आहे का? हा प्रश्न जुनी निकॉन लेन्स स्वस्तात घेणाऱ्यांसाठी आहे आणि त्यामागे जुनं कारण आहे. १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला तेव्हा फोकसची मोटर बॉडीत होती आणि ती लेन्स फिरवायची. १९८६ साली निकॉनने एफ-५०१ तसाच आणला, कारण १९५९ पासूनचा आपला माउंट (लेन्स बसवायची जोडणी) त्यांना सोडायचा नव्हता. कॅननने १९८७ साली ईओएस ६५० आणताना जुना माउंट सरळ बाजूला ठेवला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. पुढे २००६ साली निकॉनने डी४० काढताना बॉडीतली मोटर वगळली आणि डी३००० व डी५००० या मालिकांतले सगळे कॅमेरे तसेच आले. त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी ही जुनी गुणी लेन्स डी७२०० वर झटकन फोकस घेते आणि डी३५०० वर अजिबात घेत नाही. लेन्स बिघडलेली नसते, तिला फिरवणारं कुणी नसतं. तुमची बॉडी डी३००० किंवा डी५००० मालिकेतली असेल तर लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय याची खात्री करूनच घ्या. एएफ-पी मात्र बऱ्याच जुन्या बॉडींवर चालत नाही, तेही विचारून घ्या.

संपर्काचे ठिपके. लेन्सच्या मागे सोनेरी ठिपक्यांची एक ओळ असते. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात ते यातून. घामाचं बोट लागलं, पावसाळ्यात बुरशीचा पातळ थर आला, की फोकस मध्येच थांबतो, कॅननवर एरर ०१ येतो, निकॉनवर अ‍ॅपर्चरच्या (लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणाऱ्या एफच्या आकड्याच्या; आकडा लहान तितकं तोंड मोठं) जागी एफ आणि पुढे दोन आडव्या रेघा दिसतात. कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, कोरड्या स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने ते ठिपके हलक्या हाताने पुसा. खोडरबर, पॉलिश पेपर, थुंकी यांतलं काहीही नको. त्या ठिपक्यांवरचा मुलामा फार पातळ असतो.

फिल्टर. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एकदा फोटो काढून पाहा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर तो सर्क्युलर आहे ना, ते त्याच्या कडेवर वाचा. जुना लिनियर पोलरायझर डीएसएलआरच्या फोकसला गोंधळात टाकतो. का, ते पुढच्या परिच्छेदात कळेल.

३. आरशामागचा आरसा

लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडात तिरका आरसा दिसतो. त्याला बोट लावू नका, नुसतं बघा. हा आरसा उजेड वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून थोडा उजेड आरपार जातो, मागे दडलेल्या दुसऱ्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, पेटीच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर जातो. तो सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला उजेड ताडून पाहतो. दोन्ही चित्रं जुळली तर फोकस लागला. जुळली नाहीत तर ती किती आणि कुठल्या बाजूला सरकली आहेत त्यावरून लेन्स किती आणि कुठे फिरवायची ते त्याला लगेच कळतं. डीएसएलआरचा फोकस इतका चपळ असतो तो यामुळे. लिनियर पोलरायझरमधून आलेला उजेड या अर्धपारदर्शक आरशावर नीट विभागला जात नाही, म्हणून तिथे घोटाळा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. फोकस मोजला जातो तळाच्या सेन्सरवर आणि फोटो उमटतो मागच्या मोठ्या सेन्सरवर. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी हवी. त्यात केसाएवढा फरक पडला तरी कॅमेरा ‘लागला’ म्हणून बीप देतो आणि फोटो थोडा पुढे किंवा मागे फोकस झालेला येतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय, चालू केला की आरसा वर उचलला जातो आणि फोकस थेट मोठ्या सेन्सरवरूनच पाहिला जातो, त्यामुळे रस्त्यांच्या फरकाचा प्रश्न उरत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो हळू लागतो, पण लागतो तो खरा. तुमच्या कॅमेऱ्यातच बसलेला हा तपासनीस आहे. पुढे त्याचा उपयोग करायचा आहे.

४. फोकसचा ठिपका स्वतः निवडा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

व्ह्यूफाइंडरमध्ये जे ठिपके किंवा चौकोन दिसतात त्या प्रत्येक ठिकाणी कॅमेरा फोकस मोजू शकतो. कॅनन १५००डीमध्ये ते ९ आहेत, निकॉन डी३५०० मध्ये ११. कॅमेरा नवा असताना यातला कुठला वापरायचा हे तो स्वतः ठरवतो आणि बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या, ठसठशीत कडा असलेल्या वस्तूकडे जातो. कुणाचा चेहरा महत्त्वाचा आहे हे त्याला कळत नाही. हळदीच्या कार्यक्रमात पुढे आलेला हात, पंगतीत समोरचं ताट, पाळण्याची माळ, तो यांवरच थांबणार.

किट लेन्सवर ही चूक लपून जाते. १८ एमएमला, एफ/३.५ वर, दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर पुढेमागे मिळून जवळजवळ दोन मीटर भाग स्पष्ट येतो. फोकस नाकावर गेला काय नि मागच्या खुर्चीवर गेला काय, चालून जातं. तेच ५० एमएमला एफ/१.८ वर एक मीटरवरून काढलं तर स्पष्ट भाग सुमारे पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढा. फोकस नाकाच्या शेंड्यावर गेला तर डोळे गेलेच. ‘महागातली लेन्स घेतली आणि फोटो जास्तच खराब यायला लागले’ असं लोक म्हणतात, ते यामुळे.

करायचं असं. वरची मोडची चकती हिरव्या ऑटोवरून काढा, कारण तिथे कॅमेरा बहुधा स्वतःच ठिपका निवडतो. कॅननवर एव्ही, निकॉनवर ए ठेवा (अ‍ॅपर्चर तुम्ही निवडता, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो). कॅननच्या लहान बॉडींवर मागे, उजव्या अंगठ्याजवळच्या वरच्या कोपऱ्यात भिंगाचं चिन्ह असलेलं बटण असतं. फोटो काढायच्या तयारीत असताना ते दाबून बाणांनी ठिपका हलवा. निकॉनवर आय बटण दाबून एएफ-एरिया मोडमध्ये सिंगल पॉइंट निवडा, मग मागच्या बाणांनी ठिपका हवा तिथे न्या. सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त मधला ठिपका वापरा. या दोन्ही कॅमेऱ्यांत तोच एकटा क्रॉस टाइप आहे, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा तो ओळखतो. कडेच्या ठिपक्यांना एकाच दिशेच्या रेघा नीट कळतात. त्यामुळे आडव्या पट्ट्यांच्या शर्टावर कडेचा ठिपका चाचपडत राहतो आणि मधला झटकन लागतो. कॅमेरा उभा धरून किंवा थोडा तिरका करून पाहिलंत तर कडेचाही लागेल.

ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेवा. पापणी आणि बुबुळाच्या कडेवर, कपाळावर किंवा गालावर नाही; गालाला कड नसते, तिथे कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही. शटर अर्धं दाबा, बीप ऐका, व्ह्यूफाइंडरच्या खाली हिरवा ठिपका स्थिर झालेला पाहा. तो लुकलुकत असेल तर फोकस लागलेला नाही. मग बोट न उचलता पूर्ण दाबा.

बरेच जण मधल्या ठिपक्याने फोकस घेऊन, बोट अर्धं दाबलेलं ठेवून चौकट बदलतात. एफ/५.६ वर किंवा लांबच्या विषयाला हे बिनधास्त करा. पण एफ/१.८ वर, एक मीटरवरून, फोकस घेतल्यावर कॅमेरा १० अंश वळवला तरी फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर मागे जाते. मघाचे पावणेतीन सेंटिमीटर आठवा: फोकसच्या पातळीच्या पुढे त्यातला निम्माच भाग असतो. डोळा निसटतो आणि कान धारदार येतो. शिवाय उभ्या उभ्या आपलं अंग पुढेमागे डुलतं, ते वेगळंच. अशा फोटोला डोळ्याजवळचाच ठिपका निवडा, किंवा अ‍ॅपर्चर एफ/२.८ पर्यंत बंद करा.

५. स्थिर आणि हलता विषय

फोकसचे तीन मोड असतात. कॅननवर वन शॉट, एआय सर्व्हो आणि एआय फोकस. निकॉनवर एएफ-एस, एएफ-सी आणि एएफ-ए. पहिल्यात फोकस एकदा लागला की कुलूप बसतं. दुसऱ्यात बोट अर्धं दाबलेलं आहे तोवर कॅमेरा विषयाच्या मागे फिरत राहतो. तिसऱ्यात कुठला वापरायचा ते कॅमेरा ठरवतो, आणि म्हणूनच मी तो वापरत नाही. झुळकीने हललेलं फूल त्याला पळणारं वाटू शकतं.

दोन तक्रारी इथून उगवतात. ‘शटरच दाबलं जात नाही’, तर तुम्ही वन शॉटवर आहात आणि फोकस लागल्याशिवाय कॅमेरा फोटो काढू देत नाही, जे बरोबरच आहे. ‘बीप होत नाही आणि चौकट बदलली की फोकस पळतो’, तर तुम्ही सर्व्हो किंवा एएफ-सीवर आहात. ठिपक्याखाली आता जे आलं त्यावर तो गेला.

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलात तर फरक एका सकाळीत कळतो. नाव थांबलेली, थवा पाण्यात उभा, तोवर वन शॉट पुरतो. थवा उठला की तोच मोड घात करतो: बीप झालं त्या क्षणी पक्षी जिथे होते तिथे फोकस बसला आणि शटर उघडेपर्यंत ते पुढे गेले. एएफ-सी किंवा सर्व्होवर जा, मधला ठिपका ठेवा, निकॉन असेल तर डायनॅमिक एरिया निवडा म्हणजे पक्षी ठिपक्यातून निसटला तर शेजारचे ठिपके सांभाळतील. फोटो काढायच्या आधी अर्धा-एक सेकंद अर्धं बटण दाबून पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत राहा. लगेच धडाधड शटर दाबलं तर कॅमेऱ्याला वेग ओळखायला वेळच मिळत नाही. रिकाम्या आकाशात लेन्स एकदा भरकटली तर बोट सोडा, लांबच्या झाडांच्या रांगेवर फोकस घ्या आणि मग पुन्हा पक्षी धरा.

हे अंगवळणी पडलं की फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. कॅननवर तारेचं चिन्ह असलेलं बटण, निकॉनवर एई-एल/एएफ-एल, मोठ्या बॉडींवर एएफ-ऑन. मेनूत एकदाच बदल करावा लागतो. मग कॅमेरा कायम सर्व्होवर ठेवता येतो: अंगठा दाबून धरला की फोकस पाठलाग करतो, अंगठा उचलला की आहे तिथे थांबतो. पहिला आठवडा बोटं गोंधळतात. नंतर मात्र मोड बदलायची गरजच उरत नाही.

६. कॅमेरा हतबल होतो त्या जागा

फोकसच्या सेन्सरला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि कड. पावसाळ्यात माळशेज घाटात धुकं उतरलं की दोन्ही नाहीशा होतात. पांढरी भिंत, निरभ्र आकाश, सूर्याच्या समोरून काढलेला चेहरा यांचंही तेच. अशा वेळी विषयाच्याच अंतरावरची दुसरी ठळक कड शोधा, घाटातल्या कठड्याचं टोक, सदऱ्याचं बटण, आणि तिच्यावर फोकस घेऊन चौकट बदला.

आरतीच्या वेळी, पणत्यांच्या उजेडात, ठिपका ज्योतीवर ठेवू नका. पणतीच्या काठावर ठेवा. निकॉनच्या लहान बॉडींवर फोकसला मदत करणारा छोटा दिवा समोरच असतो, पण तो एएफ-सीवर पेटत नाही. कॅनन १५००डीसारख्या बॉडी त्यासाठी फ्लॅश लुकलुकवतात. देवळात ते नको वाटलं तर सोबतच्या माणसाला मोबाइलची बॅटरी दोन सेकंद बाजूने मारायला सांगा, फोकस घ्या, बॅटरी बंद, मग फोटो.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाळीआडच्या प्राण्याचा फोटो काढताना फोकस जाळीवरच जातो. लेन्स जाळीला जमेल तितकी जवळ न्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एकच ठिपका जाळीच्या भोकातून प्राण्यावर ठेवा. तरीही जमलं नाही तर लेन्स एमएफवर टाका, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करा आणि हाताने फोकस करा. बसलेल्या प्राण्याला हाताइतका भरवशाचा फोकस दुसरा नाही.

दुर्बिणीसारखी लांब लेन्स आणि टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून विषय आणखी मोठा दाखवणारा जोड) वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: बहुतेक लहान डीएसएलआरचा फोकस एफ/५.६ पर्यंतच नीट चालतो. एफ/५.६ च्या लेन्सवर १.४ पट कन्व्हर्टर लावला की ती एफ/८ होते आणि फोकस अडखळतो किंवा बंद पडतो.

७. चहाच्या पेटीची चाचणी

इथवर सगळं करूनही शंका उरली असेल तर एक सकाळ काढा.

खिडकीजवळचं टेबल, भरपूर उजेड. ठळक अक्षरांची एक चहाची पेटी उभी ठेवा, तिचा चेहरा कॅमेऱ्याला अगदी समांतर. तिच्या शेजारी ३० सेंटिमीटरची फूटपट्टी पुस्तकाच्या आधाराने ४५ अंशांत तिरकी ठेवा, अशी की १५ चा आकडा पेटीच्या चेहऱ्याच्या बरोबर रेषेत येईल, शून्य तुमच्याकडे, ३० लांब. फोकस पेटीच्या अक्षरांवर घ्यायचा, पट्टीवर नाही. तिरक्या पट्टीवर घेतला तर चाचणी फसते, कारण फोकसचा सेन्सर दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा मोठा असतो आणि तो पट्टीचा नक्की कुठला आकडा धरेल ते सांगता येत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, वन शॉट, मधला ठिपका, दोन सेकंदांचा टायमर. ५० एमएमसाठी पेटीपासून दीड ते दोन मीटर. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा: एकदा ठिपका खिडकीबाहेर लांब वळवून, एकदा जवळ धरलेल्या हातावर. मग पेटीवर आणून फोकस घ्या. असे व्ह्यूफाइंडरने आठ फोटो. मग कॅमेरा न हलवता लाइव्ह व्ह्यूने चार.

कंप्युटरवर पट्टीचे आकडे वाचा. लाइव्ह व्ह्यूच्या फोटोंत १५ च्या आसपास धार असणार. व्ह्यूफाइंडरच्या आठही फोटोंत ती १२ वर असेल तर कॅमेरा पुढे फोकस करतोय, १८ वर असेल तर मागे. आठांतले तीन पुढे, तीन मागे, दोन बरोबर असे विखुरलेले असतील तर उजेड वाढवून पुन्हा करा. तरीही तसंच आलं तर ते जुळवणीचं काम नाही, दुरुस्तीचं आहे. लाइव्ह व्ह्यूचेही फोटो मऊच असतील तर फोकसचा संबंध नाही, लेन्सच्या आत बुरशी किंवा सरकलेली काच असू शकते. शेवटी दुसरी लेन्स लावून हेच करा. दोष एकाच लेन्सला असेल तर तो बहुधा लेन्सचा, सगळ्यांना असेल तर बॉडीचा.

सातत्याने पुढे किंवा मागे जाणारा फोकस काही बॉडींवर घरीच जुळवता येतो. कॅननच्या ७०डी, ८०डी, ९०डीमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आहे; निकॉनच्या डी७२००, डी७५००, डी५०० मध्ये एएफ फाइन-ट्यून. आकडे उणे २० ते अधिक २०. फोकस पुढे पडत असेल तर अधिककडे जा, मागे पडत असेल तर उणेकडे. पाच-पाच अंकांनी सरका, प्रत्येक वेळी वरची चाचणी करा, मग एकेक अंक. आकडा त्या लेन्सच्या नावाने कॅमेऱ्यात साठतो, दुसऱ्या लेन्सवर परिणाम होत नाही. कॅनन १५००डी, २००डी, निकॉन डी३५००, डी५६०० यांत ही सोय नाही. तिथे तूर्तास स्थिर विषयांचे महत्त्वाचे फोटो लाइव्ह व्ह्यूने काढा.

८. सर्व्हिस सेंटरला जायची वेळ

लेन्स पडली आणि त्यानंतर फोकस बिघडला. मोटरमधून खरखर येते. फोकसची रिंग एका जागी अडकते. उजेडात धरल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. यांवर घरी इलाज नाही. तळाच्या फोकस सेन्सरवर धूळ किंवा केस बसल्यानेही फोकस चुकतो. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून हाताच्या ब्लोअरने दोन-चार झोत द्या, त्यापलीकडे आत काहीही घालू नका.

बुरशी आपल्याकडे पावसाळ्याची देणगी, कोकणात तर वर्षभराची. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर निभावतं. पुड्यांचा रंग बदलला की सुकवून घ्या. एसीच्या गाडीतून घाटात उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. काचेवर वाफ धरते आणि फोकस लागेनासा होतो. बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या.

दुरुस्तीला नेताना बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, कारण जुळवणी जोडीची असते. चहाच्या पेटीचे फोटो पेन ड्राइव्हवर सोबत ठेवा आणि ‘फोकस लागत नाही’ असं मोघम सांगण्याऐवजी ‘एफ/१.८ ला, दीड मीटरवरून, आठपैकी आठ वेळा पुढे पडतो, लाइव्ह व्ह्यूला बरोबर येतो’ असं सांगा. हे ऐकल्यावर समोरच्या माणसाची भाषा बदलते, हे मी दोनदा अनुभवलं आहे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. कॅमेरा परत मिळाला की तिथेच काउंटरवर समोरच्या छापील कॅलेंडरवर मधला ठिपका ठेवून चार फोटो व्ह्यूफाइंडरने, चार लाइव्ह व्ह्यूने काढा, मोठे करून ताडून पाहा, आणि मगच पिशवीची चेन लावा.